वाहतुकीचा गुन्हा, अटक आणि जामीन

शनिवारच्या रात्री नाकाबंदीत गाडी अडविली जाते, चालकाच्या तोंडासमोर श्वासपरीक्षणाचे यंत्र धरले जाते आणि यंत्रावरचा आकडा पाहून पोलीस त्याला ठाण्यात चलण्यास सांगतात. या क्षणापासून घरी फोन लागेपर्यंत चालकाच्या मनात एकच प्रश्न असतो : रात्र कोठडीत काढावी लागणार काय? कायद्याचे उत्तर बव्हंशी दिलासा देणारे आहे. वाहतुकीशी संबंधित बहुतेक गुन्हे जामीनपात्र आहेत आणि अशा गुन्ह्यांत जामीन मिळणे हा आरोपीचा हक्क आहे. तथापि या हक्काची माहिती नसल्याने अनेकजण नको त्या माणसाला नको तेवढे पैसे देऊन बसतात, तर ज्यांच्याकडे द्यायला पैसे आणि उभा करायला जामीनदार नाही असे टेम्पोचालक वा मालमोटारीचे क्लीनर किरकोळ गुन्ह्यासाठी आठवडाभर आत राहतात.

या विषयातील कलमांचे क्रमांक १ जुलै २०२४ पासून बदलले आहेत. फौजदारी प्रक्रिया संहिता, १९७३ च्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली, तर भारतीय दंड संहितेची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली. त्या तारखेपूर्वी घडलेल्या गुन्ह्यांना जुनीच दंड संहिता लागू राहते. मोटार वाहन कायदा मात्र १९८८ चाच आहे. त्यात २०१९ साली मोठी दुरुस्ती होऊन दंडाच्या रकमा कित्येक पटींनी वाढल्या.

अटक केव्हा होते?

सिग्नल मोडणे, हेल्मेट न घालणे, चुकीच्या जागी वाहन उभे करणे यांसाठी अटक होत नाही. हे गुन्हे मोटार वाहन कायद्याच्या कलम २०० नुसार तडजोडपात्र आहेत. ठरावीक रक्कम भरली की प्रकरण मिटते. ई-चलान याच प्रकारात मोडते.

विनावॉरंट अटकेचा अधिकार याच कायद्याच्या कलम २०२ मध्ये आहे आणि तो मोजक्या गुन्ह्यांपुरता आहे. गणवेशातील पोलीस अधिकाऱ्यासमक्ष कोणी धोकादायकरीत्या वाहन चालविले (कलम १८४), मद्य वा अमली पदार्थाच्या अंमलाखाली चालविले (कलम १८५) किंवा मालकाच्या परवानगीविना दुसऱ्याचे वाहन नेले (कलम १९७), तर तो अधिकारी अटक करू शकतो. याखेरीज या कायद्याखालचा गुन्हा करून नाव-पत्ता सांगण्यास नकार देणाऱ्यालाही अटक करता येते. म्हणजे एरवी दंडाची पावती घेऊन सुटला असता असा माणूस केवळ हुज्जत घालून नाव सांगत नाही म्हणून ठाण्यात जाऊ शकतो. 'मी कोण आहे ते माहीत आहे का', असे विचारणाऱ्यांनी निदान आपण कोण हे सांगून टाकावे, हे बरे!

मद्यपानाच्या बाबतीत मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम अल्कोहोल एवढी आहे. पहिल्या गुन्ह्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, दहा हजार रुपये दंड अथवा दोन्ही, आणि त्यानंतरच्या गुन्ह्यास दोन वर्षांपर्यंत कैद, पंधरा हजार रुपये दंड अथवा दोन्ही अशी शिक्षा आहे. हा गुन्हा तडजोडपात्रांच्या यादीत नाही. त्यामुळे रस्त्यावर कोणीही 'दंड' म्हणून त्याची रक्कम स्वीकारू शकत नाही. प्रकरण दंडाधिकाऱ्यासमोरच जावे लागते. अटकेनंतर दोन तासांच्या आत नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिकाकडून तपासणी झाली पाहिजे, अन्यथा आरोपीला सोडून द्यावे लागेल, अशी तरतूद कलम २०२ मध्येच आहे. म्हणून अटकेची वेळ आणि तपासणीची वेळ या दोन्हींची नोंद महत्त्वाची ठरते. यंत्रात फुंकण्यास नकार देऊन सुटका होईल, हा समजही खोटा आहे. रास्त कारणाशिवाय दिलेला नकार न्यायालयात आरोपीच्या विरोधात पुरावा म्हणून वापरता येतो.

अपघात झाला असेल तर भारतीय न्याय संहितेची कलमे लागतात. बेदरकारपणे वाहन चालविणे हे कलम २८१ खाली येते आणि त्यास सहा महिन्यांपर्यंत कैद वा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा आहेत. निष्काळजीपणामुळे कोणास दुखापत झाली तर कलम १२५ लागते. ही दोन्ही कलमे दखलपात्र असली तरी जामीनपात्र आहेत. शिवाय सात वर्षांपर्यंत शिक्षा असलेल्या गुन्ह्यांत अटक ही आपोआप घडणारी गोष्ट नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये अर्नेशकुमार खटल्यात बजावले आहे. अटकेची गरज नसेल तेथे पोलिसांनी हजर राहण्याची नोटीस द्यावी, असे नव्या संहितेचे कलम ३५ सांगते. तीन वर्षांहून कमी शिक्षेच्या गुन्ह्यात साठ वर्षांवरील वा दुर्बल व्यक्तीला अटक करायची असेल, तर किमान उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याची पूर्वपरवानगी लागते, हीदेखील याच कलमातील नवी भर आहे. गाडी चालविणाऱ्या ज्येष्ठांची संख्या पाहता ती लक्षात ठेवण्याजोगी आहे.

ठाण्यातच मिळणारा जामीन

जामीन म्हटले की लोकांच्या डोळ्यांसमोर न्यायालय, वकील आणि काळा कोट येतो. जामीनपात्र गुन्ह्यात यातील कशाचीच अपरिहार्य गरज नसते. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७८ नुसार (जुने कलम ४३६) पोलीस ठाण्याचा प्रभारी अधिकारीच जामीन देऊ शकतो. किंबहुना आरोपी जामीन देण्यास तयार असेल तर तो द्यावाच लागतो. 'साहेब सकाळी येतील', 'उद्या कोर्टातच बोला' ही उत्तरे कायद्याला धरून नाहीत. प्रभारी अधिकारी गैरहजर असेल तर त्याच्या जागी ठाण्याचा कार्यभार पाहणाऱ्या अधिकाऱ्याकडे हे अधिकार येतात. रसिकलाल विरुद्ध किशोर वाधवानी या २००९ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले आहे की, अशा गुन्ह्यात अधिकाऱ्याला निवड एवढीच आहे : आरोपीच्या स्वतःच्या बंधपत्रावर सोडावयाचे की जामीनदार मागावयाचा. जामीन द्यावा की नाही, हा प्रश्नच तेथे उद्भवत नाही.

आणखी काही गोष्टी पोलिसांवर बंधनकारक आहेत. अटकेचे कारण सांगणे, गुन्हा जामीनपात्र असल्यास तसे स्पष्ट सांगून जामीनदाराची व्यवस्था करण्याची मुभा असल्याची जाणीव देणे (कलम ४७) आणि आरोपी सांगेल त्या नातलगास वा मित्रास अटकेची खबर देणे (कलम ४८) ही त्यांतील प्रमुख. महिलेला सूर्यास्तानंतर व सूर्योदयापूर्वी अटक करावयाची झाल्यास ती अपवादात्मक परिस्थितीतच, महिला अधिकाऱ्याने आणि दंडाधिकाऱ्याच्या पूर्वपरवानगीने करावी लागते. काही कारणाने ठाण्यात जामीन झालाच नाही, तर प्रवासाचा वेळ वगळून चोवीस तासांच्या आत आरोपीला दंडाधिकाऱ्यापुढे उभे करावे लागते. रविवार वा सणाची सुट्टी ही त्यास सबब होऊ शकत नाही. सुट्टीच्या दिवशीही रिमांडचे काम पाहणारे दंडाधिकारी नेमलेले असतात. मुंबईकरांच्या तोंडी रुळलेले 'महानगर दंडाधिकारी' हे पद नव्या संहितेत उरलेले नाही, अधिकार आता प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्याचे आहेत. किल्ला कोर्टाची ओळख लोकांच्या बोलण्यात मात्र आहे तशीच राहील.

कोठडीत असलेल्या कोणालाही, त्याचे उत्पन्न कितीही असो, विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ खाली मोफत वकील मिळू शकतो. त्यासाठी १५१०० हा देशव्यापी क्रमांक आहे.

जामीनदार, जातमुचलका की रोख रक्कम?

या तीन शब्दांची व्यवहारात फार गल्लत होते. जातमुचलका म्हणजे आरोपीने स्वतःच लिहून दिलेले बंधपत्र : 'बोलावाल तेव्हा हजर राहीन, न राहिल्यास अमुक रक्कम भरीन.' त्यात पैसे लगेच द्यावे लागत नाहीत. जामीनदार असेल तेव्हा दुसरी व्यक्ती तीच हमी घेते. तीही त्या क्षणी पैसे देत नाही. आरोपी गैरहजर राहिला तर मात्र रक्कम तिच्याकडून वसूल होऊ शकते. तिसरा मार्ग रोख अनामतीचा. कलम ४९० नुसार न्यायालय किंवा पोलीस अधिकारी बंधपत्राऐवजी रोख रक्कम ठेवून घेण्याची मुभा देऊ शकतो. ही रक्कम दंड नव्हे व फीदेखील नव्हे. तिची पावती मिळालीच पाहिजे आणि खटला संपेपर्यंत ती जपून ठेवली पाहिजे, कारण आरोपी नियमित हजर राहिला असेल तर शेवटी पैसे परत मिळतात. पावती हरवल्याने किंवा नाझरकडे पुन्हा कोण खेटे घालणार, या विचाराने अनेकजण या पैशांवर पाणी सोडतात. जामीन देण्याबद्दल पोलीस ठाण्यात कोणतेही शुल्क नाही. पावतीविना पैसे मागितले गेल्यास लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा १०६४ हा क्रमांक त्याचसाठी आहे.

जामिनाची रक्कम किती असावी याचा तक्ता कायद्यात नाही. प्रकरणाची परिस्थिती पाहून ती ठरवावी आणि ती अवाजवी असू नये, असे कलम ४८४ म्हणते. जास्त वाटल्यास सत्र वा उच्च न्यायालय ती कमी करू शकते.

जामीनदाराची कागदपत्रे हा खरा अडथळ्यांचा भाग आहे. ठाण्यात सामान्यतः ओळखपत्र आणि राहत्या पत्त्याचा पुरावा पुरतो. न्यायालयात मात्र शिधापत्रिका, नोकरदार असल्यास वेतनपत्रक व कार्यालयाचे ओळखपत्र, शेतकरी असल्यास सातबाराचा उतारा, घरमालक असल्यास मालमत्ताकराची पावती आणि रक्कम मोठी असल्यास तहसीलदाराकडील ऐपतीचा दाखला यांची विचारणा होते. जामीनदाराने आपण याआधी किती जणांसाठी उभे राहिलो आहोत, हे कलम ४८६ नुसार लिहून द्यावे लागते. न्यायालयाच्या आवारात पैसे घेऊन कोणासाठीही उभे राहणारे 'धंदेवाईक' जामीनदार आणि त्यांच्या बनावट शिधापत्रिका ही जुनी डोकेदुखी आहे. तिच्यावरचा हा उपाय. अशा माणसाची मदत घेणारा आरोपी स्वतःच फसवणुकीच्या नव्या गुन्ह्यात गुंतण्याचा धोका पत्करतो. घाई असेल तर वकिलामार्फत तात्पुरत्या रोख जामिनाचा अर्ज करणे अधिक शहाणपणाचे. रक्कम भरून तूर्त सुटका होते आणि जामीनदार आणण्यास काही आठवड्यांची मुदत मिळते.

ज्याच्यापाशी यातले काहीच नाही, त्याच्यासाठी कायद्याने वाट ठेवली आहे आणि नेमकी तीच सर्वांत कमी ठाऊक आहे. जामीनपात्र गुन्ह्यात अटकेपासून एका आठवड्यात आरोपी जामीनदार देऊ शकला नाही, तर तो निर्धन आहे असे गृहीत धरावयाचे आणि त्याला केवळ जातमुचलक्यावर सोडावयाचे, असे स्पष्टीकरण २००५ च्या दुरुस्तीने जुन्या कलम ४३६ ला जोडले गेले. २००६ पासून ते अंमलात आले आणि नव्या कलम ४७८ मध्येही कायम आहे. आठवड्याच्या आतही अधिकाऱ्याला आरोपीची परिस्थिती पाहून असे करता येते.

या तरतुदीमागे जुना इतिहास आहे. मोतीराम नावाच्या गवंड्याला मध्य प्रदेशात सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने जामीन मंजूर झाला, तेव्हा स्थानिक दंडाधिकाऱ्याने दहा हजारांचा जामीनदार मागितला. त्याचा भाऊ उभा राहिला, तर भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात आहे म्हणून त्याला नाकारले. १९७८ साली न्यायमूर्ती कृष्णा अय्यर यांनी हा आदेश फिरवून मोतीरामला हजार रुपयांच्या स्वतःच्या बंधपत्रावर सोडण्यास सांगितले आणि परजिल्ह्यातील जामीनदार नाकारण्याच्या प्रथेवर कठोर शब्दांत टीका केली. एवढे होऊनही 'स्थानिक जामीनदार आणा' हा आग्रह सुटलेला नाही. उत्तर प्रदेश वा बिहारमधून मालमोटार घेऊन आलेल्या चालकाला मुंबईत किंवा भिवंडीत स्थानिक जामीनदार कोठून मिळणार? ३१ जानेवारी २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिलेल्या निर्देशांत, स्थानिक जामीनदाराची अट हे सुटका लांबण्याचे एक कारण असल्याचे नमूद करून न्यायालयांनी ती घालू नये, असे सुचविले आहे. जामिनाचा आदेश त्याच दिवशी वा दुसऱ्या दिवशी ई-मेलने तुरुंगाधिकाऱ्याकडे पाठवावा, सात दिवसांत सुटका न झाल्यास जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवावे आणि महिनाभरात बंधपत्र दाखल न झाल्यास न्यायालयाने स्वतःहून अट शिथिल करण्याचा विचार करावा, हेही त्याच निर्देशांत आहे.

अपघातात मृत्यू झाल्यास

येथे चित्र बदलते. निष्काळजीपणाने मृत्यू घडविणे हे पूर्वीचे कलम ३०४ अ आता न्याय संहितेच्या कलम १०६(१) मध्ये आले असून कमाल शिक्षा दोन वर्षांवरून पाच वर्षांवर गेली आहे. गुन्हा मात्र अद्याप जामीनपात्रच आहे, आणि मृताच्या नातेवाइकांच्या संतापाचे ते अनेकदा कारण ठरते. अपघात करून पोलीस वा दंडाधिकाऱ्यास न कळविता पळून जाणाऱ्यास दहा वर्षांपर्यंत शिक्षेची तरतूद करणारे कलम १०६(२) मालवाहतूकदारांच्या जानेवारी २०२४ मधील आंदोलनानंतर, संहिता लागू करताना बाजूला ठेवण्यात आले.

चालकाला आपल्या कृत्याने मृत्यू ओढवू शकतो याची जाणीव होती, असे पोलिसांचे म्हणणे असेल तर सदोष मनुष्यवधाचे कलम १०५ (पूर्वीचे ३०४) लावले जाते. हा गुन्हा अजामीनपात्र आहे. 'अजामीनपात्र' याचा अर्थ जामीन मिळतच नाही असा नव्हे. तो हक्क म्हणून मिळत नाही, न्यायालयाच्या विवेकावर अवलंबून राहतो आणि ठाण्यातून सुटका होण्याची शक्यता मावळते. या दोन कलमांमधील रेषा मुंबईतील दोन प्रकरणांत ठळकपणे दिसली. सप्टेंबर २००२ मध्ये वांद्रे येथे पदपथावर झोपलेल्यांना गाडीने चिरडल्याच्या प्रकरणात अभिनेता सलमान खान याला अटकेनंतर त्याच दिवशी जामीन मिळाला होता. ऑक्टोबरमध्ये सदोष मनुष्यवधाचे कलम लागताच त्याला पुन्हा कोठडीत जावे लागले आणि सुटकेसाठी उच्च न्यायालय गाठावे लागले. (मे २०१५ मध्ये सत्र न्यायालयाने त्याला दोषी ठरविले, तर त्याच वर्षी डिसेंबरात उच्च न्यायालयाने निर्दोष मुक्त केले.) नोव्हेंबर २००६ मध्ये कार्टर रोडवर झोपलेल्या सात मजुरांचा बळी घेणाऱ्या अ‍ॅलिस्टर परेरा प्रकरणात सत्र न्यायालयाने निष्काळजीपणापुरती सहा महिन्यांची शिक्षा दिली होती. उच्च न्यायालयाने सदोष मनुष्यवधाखाली ती तीन वर्षे केली आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये ती कायम ठेवली.

आधी जामीनपात्र कलमाखाली सुटलेल्या आरोपीवर नंतर अजामीनपात्र कलम वाढविले, तर जुना जामीन आपोआप त्याचे रक्षण करीत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये प्रदीप राम प्रकरणात सांगितल्याप्रमाणे आरोपी स्वतः शरण येऊन नव्याने जामीन मागू शकतो. पोलिसांना मात्र पुन्हा अटक करण्यासाठी न्यायालयाचा आदेश घ्यावा लागतो.

चालक अल्पवयीन असेल तर सारी प्रक्रियाच निराळी. त्याला बाल न्याय मंडळापुढे नेले जाते आणि बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम १२ नुसार जामीन हा नियम, नकार हा अपवाद असतो. मे २०२४ मध्ये पुण्याच्या कल्याणीनगरात भरधाव आलिशान मोटारीने दोन तरुण अभियंत्यांचा जीव घेतल्यावर सतरा वर्षीय चालकाला मंडळाने काही तासांत जामीन दिला आणि अटींमध्ये अपघातांवर तीनशे शब्दांचा निबंध लिहिण्यास सांगितले. निबंधाच्या त्या अटीने देशभर संताप उसळला. मंडळाने नंतर त्याला निरीक्षणगृहात पाठविले; पण जामीन कायम असताना असे डांबून ठेवणे बेकायदा असल्याचे सांगून मुंबई उच्च न्यायालयाने जूनमध्ये सुटकेचा आदेश दिला. लोकांना तो पटला नसेल, कायद्याच्या चौकटीत त्याला दुसरा मार्ग नव्हता. वाहन अल्पवयीनाच्या हाती देणाऱ्या पालकाला वा मालकाला मात्र मोटार वाहन कायद्याच्या कलम १९९ अ खाली तीन वर्षांपर्यंत कैद व पंचवीस हजार रुपये दंड होऊ शकतो, आणि वाहनाची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते.

सुटल्यानंतर

जामिनावर सुटणे म्हणजे प्रकरण संपणे, ही समजूत महागात पडते. दिलेल्या तारखेस आरोपी हजर राहिला नाही, तर वॉरंट निघते, बंधपत्राची रक्कम जप्त होऊ शकते आणि जामीनदाराला नोटीस जाते. त्याच खटल्यात पुढे पुन्हा अटक झाल्यास, गुन्हा जामीनपात्र असूनही न्यायालय जामीन नाकारू शकते. शिवाय योग्य कारणाविना गैरहजर राहणे हा न्याय संहितेच्या कलम २६९ खाली स्वतंत्र गुन्हा असून तो अजामीनपात्र आहे. म्हणजे मूळ गुन्ह्यापेक्षा तारीख चुकविण्याचा गुन्हा जामिनाच्या दृष्टीने अधिक गंभीर! पत्ता बदलला तर तो न्यायालयास कळवावा, कारण जुन्या पत्त्यावरून परत आलेले समन्स पुढे वॉरंटाचे रूप घेते.

मद्यपानाच्या प्रकरणांत अनेकजण पहिल्याच तारखेला गुन्हा कबूल करून दंड भरतात आणि कटकट मिटली म्हणून निःश्वास टाकतात. कबुली म्हणजे दोषसिद्धी असते. पुढच्या वेळी पकडले गेल्यास तो दुसरा गुन्हा ठरतो व वाहन चालविण्याच्या परवान्यावरही कारवाई होते. कबुली देण्यापूर्वी वकिलाशी, नसल्यास न्यायालयातील विधी सहाय्य कक्षाशी बोलणे इष्ट.

राहता राहिली गाडी. चालक सुटला तरी जप्त वाहन त्याच्याबरोबर आपसूक सुटत नाही. त्यासाठी मालकाने नोंदणी प्रमाणपत्र, विमा व ओळखपत्रासह दंडाधिकाऱ्याकडे वेगळा अर्ज करावा लागतो आणि सुपूर्तनामा लिहून द्यावा लागतो. वाहने ठाण्याच्या आवारात गंजत ठेवू नयेत, छायाचित्रे व पंचनामा करून योग्य हमीवर ती लवकर परत द्यावीत, असे सर्वोच्च न्यायालयाने सुंदरभाई अंबालाल देसाई प्रकरणात २००२ सालीच सांगितले आहे. अर्जात या निकालाचा उल्लेख करण्याची वकिलांची पद्धत आहे. सुपूर्तनाम्यावर मिळालेले वाहन खटला संपेपर्यंत न्यायालयाच्या परवानगीविना विकता येत नाही वा त्याचा रंग-रूप बदलता येत नाही.